हरकत, उत्तर, मत

कर्नाटक वीज नियामक आयोगाचा दर-आदेश शेकडो पानांचा असतो. खर्चाचे तक्ते, कर्जावरचे व्याज, वीजखरेदीचे करार, गळतीचे टक्के यांनी तो इतका गच्च भरलेला असतो की सामान्य वाचक दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच तो मिटून ठेवील. पण म्हैसूरच्या वीज कंपनीसाठी निघणाऱ्या या आदेशांत एक भाग असा असतो, जो कोणालाही वाचता येईल. तिथे आधी ग्राहकाची हरकत छापलेली असते, तिच्याखाली कंपनीने दिलेले उत्तर आणि शेवटी आयोगाचे मत. खेड्यात रोहित्र जळाले की बदलायला वेळ लागतो, ही हरकत. नियमात बसेल तितक्या वेळात बदलतो, हे उत्तर. त्यावर आयोग काय म्हणतो, ते तिसऱ्या परिच्छेदात. वीज वापरणारा, वीज पुरवणारा आणि दोघांवर लक्ष ठेवणारा असे तिघे एका कागदावर, एकाच विषयावर, लेखी बोलतात अशी ही बहुधा एकमेव जागा असावी. ग्राहक संघटना, वीज कंपन्या आणि नियामक यांच्या सहकार्याबद्दल हल्ली परिसंवादांतून पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते त्या सहकार्याचा खरा कस या तीन परिच्छेदांत लागतो. पहिल्या परिच्छेदात पक्का आकडा असेल तर दुसऱ्यात टाळाटाळ करणे कंपनीला जड जाते आणि तिसऱ्यात आयोगाला काहीतरी ठोस लिहावे लागते. पहिला परिच्छेद नुसत्या तक्रारीच्या सुरात असेल तर उरलेले दोन्ही गुळमुळीत होतात. म्हणून तिघांचे सहकार्य व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आधी ग्राहकाची बाजू अभ्यासाने आणि पैशाने भक्कम करायला हवी. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते तपासायला म्हैसूर ही चांगली जागा आहे.

चांगली जागा अशासाठी, की वीज कोणाला आधी आणि कोणत्या दराने, हा प्रश्न या मुलखात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने उभारलेले शिवनसमुद्राचे जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले, तेव्हा कावेरीच्या धबधब्यावरची ती वीज गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना. खाणी इंग्रज कंपन्यांच्या होत्या, ठरलेल्या दराने वीज घेणारे ते हमखास गिऱ्हाईक होते आणि संस्थानाला भांडवल फिटण्याची हमी हवी होती. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये. केंद्रापासून जवळ असलेल्या म्हैसूर या राजधानीला १९०८ पर्यंत थांबावे लागले. त्या निर्णयामागे हिशेब होता आणि तो चुकीचा होता असेही म्हणता येणार नाही. पण तो हिशेब दिवाण, अभियंते आणि खाणमालक यांच्यात झाला. दिवा कधी लागणार हे विचारायची सोय शहरातल्या माणसाला नव्हती. पुढे १९५७ मध्ये राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले तरी ही सोय झाली नाही. मंडळच वीज वाटी, आणि दरही मंडळ आणि सरकार मिळून ठरवत.

सोय झाली ती १९९९ मध्ये. कर्नाटक वीज सुधारणा कायद्याने स्वतंत्र नियामक आयोग आणला. महाराष्ट्राचा आयोगही त्याच वर्षीचा. २००३ च्या केंद्रीय वीज कायद्याने या आयोगांना पक्का पाया दिला. दर ठरवण्याआधी अर्ज जाहीर करून हरकती मागवायच्या, कारभार पारदर्शक ठेवायचा, आयोगाला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहकांची माणसे घ्यायची, प्रत्येक वितरण कंपनीने तक्रार निवारण मंच नेमायचा आणि त्याच्यावर लोकपाल बसवायचा, हे सारे त्या कायद्यात आहे. कलम ९४ मध्ये तर आयोगाला ग्राहकांचे हित मांडण्यासाठी कोणालाही प्रतिनिधी म्हणून अधिकार देता येईल, अशी तरतूद आहे. म्हैसूरची कंपनी या नव्या व्यवस्थेतलीच. मंगळुरूच्या कंपनीतून वेगळी होऊन चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगम १ एप्रिल २००५ पासून कामाला लागला. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर, हासन आणि कोडगू हे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. लोक त्याला 'सेस्क' म्हणतात. शहरात मैसूर ग्राहकर परिषत ही जुनी ग्राहक संघटना आहे, उद्योजकांच्या संघटना आहेत, आणि आयोग कंपनीच्या दर-अर्जावर सुनावणी घ्यायला म्हैसूरला येतो. कर्नाटकच्या आयोगाने ग्राहकांची बाजू मांडायला मदत करणारा स्वतंत्र कक्षही स्वतःच्या कार्यालयात ठेवला आहे. कंपनीचे अधिकारी उपविभागात जनसंपर्क सभा घेतात. म्हणजे सांगाडा सगळा उभा आहे. त्यात जीव किती आहे, हे शेतीपंपांच्या हिशेबावरून कळते.

सेस्कच्या क्षेत्रात मंड्याचा ऊस आहे, कावेरीच्या कालव्यांवरचा भात आहे, चामराजनगरची कोरडवाहू पट्टीही आहे. विहिरी आणि कूपनलिकांवर पंप आहेत. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २००८ पासून राज्यात वीज फुकट आहे आणि तिचे पैसे सरकार कंपनीला देते. यांतल्या बहुतेक पंपांना मीटर नाही. मग पंपांनी किती वीज वापरली हे ठरते कसे? अंदाजाने. कंपनीने खरेदी केलेल्या विजेतून मीटरवर मोजलेली विक्री वजा करायची. जे उरते त्याचा काही भाग पंपांच्या नावावर आणि काही भाग गळतीच्या नावावर लिहायचा. पंपांचा आकडा फुगवला की गळती आपोआप कमी दिसते. तारा जुन्या असणे, चोरी, मीटर बंद पडणे हे सारे मग शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. शेतकऱ्याला त्याची खबरही नसते, कारण त्याच्या हाती बिलच येत नाही. सरकारचे अनुदान मात्र त्या आकड्यावरून ठरते आणि शहरातल्या दुकानदाराचा दरही. म्हणून कर्नाटकच्या आयोगाने पंपांचा वापर फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरच्या, आणि रोहित्रावरच्या मीटरवरून काढा, असे कंपन्यांना पुन्हा पुन्हा बजावले आहे. सुनावणीत ग्राहकाने विचारायचा सर्वांत नेमका प्रश्नही हाच: या जिल्ह्यातल्या किती फीडरवर चालू मीटर आहेत, आणि त्यांचे वाचन अर्जातल्या आकड्याशी जुळते का?

हा प्रश्न चिकाटीने विचारला तर काय होते, ते महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवत असे. आयोग आला, दराची पहिली सुनावणी झाली, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी मंडळाचेच आकडे एकमेकांसमोर ठेवले आणि २००० साली गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे समोर आले. एका रात्रीत तारा खराब झाल्या नव्हत्या. फक्त पंपांच्या नावावरची वीज तिच्या खऱ्या खात्यावर आली होती. पुढे मंडळातून निघालेल्या महावितरण या वितरण कंपनीच्या काळात पंपांचा तोच आकडा पुन्हा फुगला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना सुनावणीमागून सुनावणीत हे सांगत राहिली. शेवटी आयोगाने शेतीच्या वापरासाठी अभ्यासगट नेमला आणि मार्च २०२० च्या दर-आदेशात शेतीची विक्री खाली आणून गळती वर नेली. वीस वर्षांत दोनदा एकाच खड्ड्यात पाय गेला, ही खेदाची गोष्ट आहे. पण दोन्ही वेळा बाहेर काढले ते ग्राहकाच्या बाजूने आलेल्या आकड्यांनी, आणि त्यातून कंपनीचेही भलेच झाले. गळती कुठे आहे हे कळल्याशिवाय ती बुजवता येत नाही. भांडण म्हणून जे सुरू झाले, त्यातूनच कंपनीला आपला आजार कळला.

आता घरच्या बिलाकडे वळू, कारण आकड्यांची गरज फक्त शेतीपुरती नाही. कर्नाटकात २०२४ च्या आदेशाने घरगुती विजेला सरसकट युनिटमागे ५ रुपये ९० पैसे दर लागू झाला आणि मंजूर भाराच्या दर किलोवॅटला १२० रुपये स्थिर आकार. मार्च २०२५ च्या आदेशात युनिटचा दर १० पैशांनी उतरून ५ रुपये ८० पैसे झाला. दर उतरला हे खरेच. पण स्थिर आकार १२० वरून १४५ झाला, आणि त्याच महिन्यातल्या दुसऱ्या आदेशाने जुन्या वीज मंडळातल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन आणि उपदानासाठी युनिटमागे ३६ पैसे अधिभार लागला. म्हैसूरमधले तीन किलोवॅट भाराचे, महिन्याला २५० युनिट वापरणारे घर घ्या. २०२४-२५ मध्ये स्थिर आकार ३६० आणि विजेचे १,४७५, एकूण १,८३५ रुपये. २०२५-२६ मध्ये स्थिर आकार ४३५, विजेचे १,४५०, अधिभाराचे ९०, एकूण १,९७५. कर वेगळा. दरकपातीने २५ रुपये वाचले आणि बाकी दोन ओळींनी १६५ वाढले. यात कोणी फसवले असे मी म्हणत नाही; दोन्ही आदेश जाहीर आहेत, कारणांसह आहेत. स्थिर आकार वाढवण्यामागे तर्कही आहे: तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च तुम्ही वीज वापरा वा न वापरा, होतोच. पण निवृत्तिवेतनाच्या त्या ओझ्यात सरकारचा म्हणून जो वाटा होता, तो ग्राहकाच्या बिलावर का यावा, हा प्रश्न उरतो. मंडळ मोडून कंपन्या करताना ती जबाबदारी सरकारची मानली गेली होती. असा प्रश्न मांडायला निवृत्तिनिधीचे हिशेब वाचता यावे लागतात, जुने शासननिर्णय शोधावे लागतात, वकील लावावा लागतो. उद्योजकांच्या संघटनांना ते परवडते. २५० युनिटवाल्या घराला परवडत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. वीजदर हा तज्ज्ञांचा विषय आहे. अभियंते आणि सनदी लेखापाल यांनी भरलेल्या आयोगाला तो समजतो, मग सामान्य माणसाला बोलावून वेळ का घालवावा? या आक्षेपात तथ्य आहे. सुनावणीत अनेक जण आपल्या गल्लीतला वाकलेला खांब एवढेच सांगून बसतात. पण आयोगाकडे असलेली माहिती मुख्यतः कंपनीनेच दिलेली असते. कंपनीच्या संगणकात एखाद्या वाडीत चोवीस तास वीज आहे असे असेल तर आयोगालाही तेच दिसणार. 'प्रयास'ने काही राज्यांत घरोघरी सॉकेटला लावायचे छोटे यंत्र बसवले. ते दर मिनिटाला विजेचा दाब नोंदवते आणि दूरवर पाठवते. वीज किती वेळ गेली आणि आली तेव्हा दाब किती होता, याची नोंद कंपनीच्या बाहेर, ग्राहकाच्या भिंतीवर तयार होते. कोडगूत पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात आणि गावे अंधारात जातात. तिथे अशी यंत्रे असतील तर सुनावणीत "फार वेळ वीज नसते" असे न म्हणता तारखेवार मिनिटे सांगता येतील. कर्नाटकच्या सेवा-मानकांनी वीज पूर्ववत करायला शहराला तासांची आणि खेड्याला त्याहून लांब मुदत घालून दिली आहे, आणि मुदत चुकली तर भरपाईही आहे. ती मिळवायला पुरावा लागतो. वाकलेल्या खांबाची तक्रारही पुरावाच असते, फक्त ती जनसंपर्क सभेत निकाली निघायला हवी, म्हणजे दराच्या सुनावणीत दरावर बोलता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुलै २०२३ च्या वापरापासून कर्नाटकात 'गृहज्योती' लागू आहे. आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला बिल शून्य. ज्याचे बिल शून्य आहे तो दराच्या सुनावणीला का जाईल? आणि मतांचे राजकारणच दर ठरवणार असेल तर आयोग, कंपनी आणि ग्राहक संघटना यांच्या खटाटोपाला अर्थ काय? मला वाटते, अनुदानाने हा खटाटोप उलट अधिक गरजेचा झाला आहे. बिल शून्य झाले म्हणजे वीज शून्य रुपयांत तयार झाली असे नाही. आयोगाने ठरवलेल्या दराने सरकार ती रक्कम कंपनीला देते आणि तो पैसा त्याच घरातला माणूस साबणावर, पेट्रोलवर कर देऊन भरत असतो. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अनुदान कंपनीला आगाऊ मिळायला हवे. ते थकले तर कंपनी कर्ज काढते, त्याचे व्याज पुढच्या दरात बसते, आणि २०१ युनिट वापरणारा ते भरतो. हा फेरा कोणीतरी दरवर्षी मोजून आयोगासमोर ठेवायला हवा. सरकारच्या मालकीची कंपनी सरकारकडे कडक तगादा लावू शकत नाही. ग्राहक प्रतिनिधी लावू शकतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांनीही हे ओळखले पाहिजे: थकलेल्या अनुदानाच्या बाबतीत ग्राहक संघटना त्यांचा आवाज होऊ शकते.

तिघांनी खरोखर हातात हात घालून काम केल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे, आणि त्याच्या मर्यादाही तिथेच दिसतात. २००६ मध्ये महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत होता. पुण्यातल्या कारखान्यांकडे स्वतःची जनरेटर होती. उद्योजकांच्या संघटनेने ती टंचाईच्या वेळी चालवायची, तेवढी महावितरणची वीज शहराला मोकळी करायची, आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी भरायचा, अशी योजना पुढे आली. 'प्रयास'ने हिशेब तपासले, आयोगाने सुनावणी घेऊन मंजुरी दिली, आणि महिन्याला ३०० युनिटांहून अधिक वापरणाऱ्या घरांवर युनिटमागे ४२ पैसे बसले. लहान ग्राहकाला तोशीस नाही, खर्च उघड, शहर उजेडात. या योजनेबद्दल मला आजही आदर वाटतो. मात्र त्याच उन्हाळ्यात पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरची खेडी रोज कित्येक तास अंधारात होती, आणि त्या टेबलाभोवती त्यांच्या बाजूने बसलेले कोणी नव्हते. संघटित माणसे एकत्र आली की असंघटिताचा वाटा चर्चेत येत नाही, हा तिसरा आक्षेप म्हणूनच सर्वांत खरा आहे. म्हैसूरच्या सुनावणीलाही तो लागू आहे. शहरातले निवृत्त अभियंते आणि उद्योजक येतात. चामराजनगरच्या पाड्यावरचा माणूस, भाड्याच्या खोलीत मालकाच्या मीटरवर राहणारे कुटुंब क्वचितच दिसते. त्यासाठी ग्राहकानेच मालक व्हावे, म्हणजे सहकारी संस्था काढावी, असे कोणी सुचवतात. सीमाभागात हुक्केरीची सहकारी वीज संस्था १९६९ पासून चालू आहे. महाराष्ट्रातल्या मुळा-प्रवरा या तशाच संस्थेची मात्र थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपला. मालकी बदलली तरी हिशेब विचारणारा वेगळा माणूस लागतोच.

सुनावणीचा मान राखला नाही तर काय होते, तेही २०२५ मध्ये महाराष्ट्रात दिसले. जाहीर सुनावण्यांनंतर आयोगाने २८ मार्चला महावितरणचे दर खाली आणणारा आदेश दिला. महावितरणने हरकत घेतली, आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली आणि २५ जूनला फेरआढाव्याचा नवा आदेश काढला. ग्राहक संघटनांचा आक्षेप होता की, या फेरआढाव्यासाठी त्यांना जाहीर सुनावणीत ऐकलेच नाही. हा आक्षेप मला पटतो. आदेशात चूक असेल तर ती सुधारावीच, पण ज्या दाराने लोक आत आले त्याच दाराने सुधारणाही यायला हवी. स्मार्ट मीटरच्या बाबतीतही हेच झाले. महाराष्ट्रात प्रीपेड मीटरची कंत्राटे आधी निघाली, विरोध नंतर उसळला, आणि सर्वसामान्य घरांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जून २०२४ मध्ये सरकारला जाहीर करावे लागले. बेंगळुरूत २०२५ मध्ये नव्या जोडण्यांना स्मार्ट मीटर सक्तीचे झाले तेव्हा एकफेज मीटरचे ४,९९८ रुपये पाहून लोक चिडले. म्हैसूरच्या व्ही. व्ही. मोहल्ला भागात देशातल्या पहिल्या काही प्रायोगिक स्मार्ट ग्रिड प्रकल्पांपैकी एक सेस्कने राबवला. सुमारे २१ हजार ग्राहक त्यात होते. त्या अनुभवाचा पूर्ण ताळेबंद ग्राहकांच्या भाषेत, कानडीत, मोहल्ल्याच्या सभागृहात मांडला जायला हवा: बिघाड किती लवकर कळला, मीटरवाचनाचा खर्च किती वाचला, आणि त्या बचतीतला किती वाटा बिलात उतरला. यंत्र मुळात चांगले आहे. अविश्वास येतो तो किंमत आधी आणि हिशेब नंतर सांगितल्यामुळे.

मग करायचे काय? पैशाची व्यवस्था प्रथम. कंपनी वकिलावर, सल्लागारावर जो खर्च करते तो दरातूनच वसूल होतो, म्हणजे ग्राहक स्वतःविरुद्धच्या युक्तिवादाचेही पैसे भरत असतो. कॅलिफोर्नियात ज्या ग्राहक संस्थेच्या मांडणीने निर्णयाला खरी मदत झाली, तिचा खर्च आयोगाच्या आदेशाने वीज कंपनीकडून मिळतो. आपल्याकडे प्रत्येक आयोगाने असा निधी ठेवावा. युनिटमागे पैशाचा अंशही पुरेल. दुसरे, तक्रार निवारण मंच. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार मंचाचा प्रमुख वितरण कंपनीचाच अधिकारी असतो. महाराष्ट्राने अध्यक्ष कंपनीबाहेरचा नेमण्याची वाट धरली, ती मला योग्य वाटते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाताखाली न्याय मागायला माणूस कचरतो. आणि कलम ९४ खालचे प्रतिनिधी नेमताना एक जागा शेतीपंपांसाठी, एक भाडेकरूंसाठी राखून ठेवावी. आयोग ग्राहकांच्या बाजूला झुकेल अशी भीती कंपन्यांना वाटण्याचे कारण नाही. अभ्यासू हरकतीला कंपनी नेमके उत्तर देऊ शकते आणि अनेकदा ते बरोबरही असते. भावनेने पेटलेल्या मोर्चाला कोणतेच उत्तर पुरत नाही.

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर वितरण कंपन्यांची पुढच्या वर्षाच्या हिशेबाची जुळवाजुळव चालू असते. एप्रिलपासून लागू व्हायच्या दराचे अर्ज सुमारे चार महिने आधी आयोगाकडे जातात; मग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत जाहीर नोटीस येते आणि हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. तुम्ही म्हैसूरला असा, मिरजेला असा की निपाणीला, ती नोटीस कापून ठेवा. गेल्या बारा महिन्यांची बिले काढा, वीज गेल्याच्या तारखा लिहा, सोसायटीतल्या किंवा गावातल्या चार जणांना बरोबर घ्या आणि मुदतीत लेखी हरकत पाठवा. कंपनीला तिचे उत्तर द्यावे लागते आणि आयोगाला तिच्यावर मत नोंदवावे लागते.